वेस्ट इंडिजले काहून?

येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघं, म्हणजे मी आणि बायको, दहा दिवस बार्बाडोसला जाणार आहोत. हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी निदान तीसेक लोकांसमोर उच्चारलं असेल. पुण्यात ऑफिसात, भंडाऱ्यात घरी, तुमसरला एका लग्नाच्या मांडवात. 'अरे वा' म्हणणारे दोघं निघाले. बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच. पुण्यात तो 'पण बार्बाडोसच का?' असा शुद्ध रूपात येतो आणि भंडाऱ्यात 'वेस्ट इंडिजले काहून गा?' असा. अर्थ तोच. तू कोण एवढा लागून गेलास?

तर मंडळी, आजचा शनिवार ह्या 'काहून'साठी. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. पहिली जात प्लॉटवाल्यांची. ह्यांच्या मते पाच लाख रुपये (एवढा खर्च येणार आहे, लपवत नाही) खिशात असलेल्या भंडाऱ्याच्या पोरानं एकच गोष्ट करावी: नागपूर रोडला प्लॉट घ्यावा. आमच्या काकाजींचे तिथे दोन आहेत. मी बघून आलोय. दोन्हींवर बेशरमाचं रान माजलंय, मधोमध एक सिमेंटचा खांब, त्यावर काकाजींचं नाव. पंधरा वर्षं झाली. तिथे कोणी राहत नाही, काही पिकत नाही, शेजारच्याची म्हैस तेवढी चरते. पण ती 'इन्व्हेस्टमेंट', आणि माझे दहा दिवस म्हणजे उधळपट्टी.

ह्याच काकाजींच्या मुलीच्या लग्नात बाराशे पानं उठली. डीजे, घोडा, फुलांचं गेट, ड्रोन. त्या खर्चाचा हिशेब कोणी विचारला नाही, विचारणारही नाही. मी बराच विचार केला की हे असं का, आणि मला सापडलेलं उत्तर फारसं गोड नाही. ज्या खर्चात चार लोक जेवतात तो आपल्याकडे खर्च धरतच नाहीत. ज्या खर्चात नवरा-बायको दोघंच कुठेतरी वाळूत बसून राहतात, कोणाला वाढत नाहीत, कोणाला बोलावत नाहीत, तो मात्र अपराध.

आमच्या घरात प्रवासाला कारण लागायचं. लग्न, तेरवी, नागपूरचा दवाखाना, कुठल्यातरी भरतीची परीक्षा, कोणाची तरी पोरगी पाहणं. नाहीतर देव: पचमढीचा महादेव, रामटेक, शेगाव. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांना रजा प्रवास सवलत मिळायची, ती वापरून एकदा शिर्डी-शिंगणापूर झालं आणि एकदा कोल्हापूर-ज्योतिबा. 'सुट्टी' ह्या शब्दाचा अर्थ मामाच्या गावी जाणं आणि तिथे धानाच्या कोठीत लपणं. काही कारण नसताना, कोणी मेलेलं नसताना, कोणाचं जमलेलं नसताना, नुसतं बघायला म्हणून निघायचं ही कल्पनाच घरात नव्हती. अरबी समुद्रापासून भंडारा-गोंदियाइतका लांबचा जिल्हा महाराष्ट्रात फारसा सापडणार नाही. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर, बाविसाव्या वर्षी, अलिबागला.

माझ्या टीममध्ये कोथरूडचा एक मुलगा आहे. त्याच्या आजोबांनी दरवर्षी महाबळेश्वर केलं, वडिलांनी युरोप केला, तो स्वतः न्यूझीलंड करून आला. त्याला कोणी 'काहून' विचारत नाही. त्याचं फिरणं हा त्याचा स्वभाव आणि माझं फिरणं हा माझा माज! एज्युकेशन लोन मी फेडलं, बहिणीचं लग्न पार पडलं, घराच्या स्लॅबचे पैसे दिले, सगळी तिकिटं... म्हणजे जिरा भाषेत सांगायचं तर सगळी टास्क 'क्लोज्ड' आहेत. तरीही उरलेल्या पैशाचं काय करायचं ह्यावर माझ्याआधी गावाचा हक्क. मला हा हक्क मान्य नाही. पहिल्या जातीला माझं उत्तर एवढंच, आणि तेवढ्यानं त्यांचं समाधान होणार नाही हेही मला ठाऊक आहे.

बार्बाडोसच का, ह्याचं उत्तर मात्र सरळ आहे. 29 जून 2024. ब्रिजटाऊनचं केन्सिंग्टन ओव्हल, सूर्याचा तो सीमारेषेवरचा कॅच, आणि नंतर रोहितनं खेळपट्टीवरचं गवत उचलून खाल्लं ते. आमच्या आधीच्या पिढ्यांना वेस्ट इंडिज म्हणजे 1971: वाडेकरांचा संघ, पहिल्याच मालिकेत 774 धावा काढणारा गावसकर, गोव्याच्या सरदेसाईच्या 642. पोर्ट ऑफ स्पेनला आपण त्यांना त्यांच्या घरात पहिल्यांदा हरवलं. बाबांना ते आकडे अजून पाठ आहेत, जाणं मात्र कधी डोक्यातही आलं नाही. मला ते मैदान बघायचंय. हे कारण पुरत नसेल तर पचमढीला जायलाही तुमच्याकडे ह्याहून मोठं कारण नसतं, नवस सोडला तर.

आता प्लॅनिंगबद्दल, कारण ह्यात मी इंजिनिअरची हौस पुरेपूर भागवली आहे. एक्सेलमध्ये सात शीट आहेत. बार्बाडोस, जमैका, ग्रेनाडा, त्रिनिदाद ह्या सगळ्या ठिकाणी भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. ऐकून किती बरं वाटतं ना? पण तिथे थेट विमान नाही. लंडनमार्गे जा, तर विमानतळाबाहेर पाऊलही न टाकता नुसतं विमान बदलायचं तरी ट्रान्झिट व्हिसा हवा. अमेरिकेमार्गे जा, तर त्यांच्याकडे बाहेर न पडता विमान बदलण्याची सोयच नाही. पूर्ण व्हिसा, पूर्ण रांग. म्हणजे यजमान म्हणतो 'या या', आणि गल्लीच्या तोंडावरचा वॉचमन म्हणतो 'कागद दाखव'. ज्यांनी ही बेटं तीनशे वर्षं उसासाठी वापरली, आजही तिकडे जायच्या वाटेवर तेच बसलेत.

महिन्याचं गणित वेगळं. जून ते नोव्हेंबर तिथे चक्रीवादळांचा हंगाम. आपला संघ वर्ल्ड कप जिंकून 'बेरिल' वादळामुळे तिथेच अडकला होता, आठवत असेल. म्हणजे दिवाळीची सुट्टी बाद. डिसेंबर-जानेवारीत गोऱ्यांची गर्दी आणि दुप्पट भाव. राहिला फेब्रुवारी. त्रिनिदाद जोडून करायचा मोह होता. 1845 साली 'फातेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन तिथे पोचलं, पुढे 1917 पर्यंत माणसं नेली जात होती, आज तिथे दिवाळीची सरकारी सुट्टी असते. डेरेक वॉलकॉटनं 1992 चं नोबेल घेताना जे भाषण केलं त्याची सुरुवात त्रिनिदादच्या एका खेड्यातल्या रामलीलेनं होते. पण त्रिनिदाद पिवळ्या तापाच्या यादीत आहे. तिथून लस टोचल्याचा दाखला न घेता परत आलात तर आपलंच सरकार तुम्हाला विमानतळावरून उचलून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. दोघांच्या रजेत ते बसेना. त्रिनिदाद पुढच्या वेळी.

राहायचं कुठे, ह्यावर आमच्या घरात खरं भांडण झालं. बायकोचं म्हणणं 'ऑल इनक्लुझिव्ह' घेऊ: हॉटेलवाला विमानतळावरून उचलतो, खाणं-पिणं-समुद्र सगळं आवारात, दहाव्या दिवशी परत सोडतो. माझं म्हणणं, मग लोणावळ्याला जाऊ, तिथेही भिंत असते. शेवटी एका बाईंच्या घरातली खोली ठरवली, ऑइस्टिन्सजवळ, जिथे शुक्रवारी रात्री रस्त्यावर मासे तळतात. बस साडेतीन बार्बाडोस डॉलरला, कुठूनही कुठेही. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन, 1975 पासून तोच भाव. अख्खा देश 430 चौरस किलोमीटरचा. आपल्या भंडारा जिल्ह्यात असे आठ-नऊ मावतील. लोक तीन लाखांच्या आत. आपले 2011 च्या जनगणनेत बारा लाख होते.

ही तुलना माझ्या शीटमध्ये सहज म्हणून होती. पण तिच्यामुळेच मला दुसऱ्या जातीला उत्तर देता येतंय.

दुसरी जात स्वदेशीवाल्यांची. हे जास्त शिकलेले, जास्त गोड. 'अरे, तिकडे कशाला जातोस? आपल्याकडे काय कमी आहे? गोसीखुर्दचं बघ, दोन वर्षांत कॅरिबियन होऊन जाईल!' हे वाक्य मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. गोसीखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटन प्रकल्प मंजूर झालाय, जून 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं भूमिपूजनही झालं. बोटी, जेट्टी, जलक्रीडा. त्याच वर्षी जानेवारीत आंभोऱ्याला वैनगंगेवरचा तो तारांचा पूल खुला झाला, वर काचेची गॅलरी. पूल देखणा आहे, मी स्वतः वर जाऊन फोटो काढलेत. माझं भांडण पुलाशी नाही.

माझं भांडण 'कॅरिबियन होऊन जाईल' ह्या वाक्याशी आहे. बरं, करा. पण कुठलं कॅरिबियन? मी दोन महिने हेच वाचतोय, तेव्हा मला विचारायचा अधिकार आहे.

बार्बाडोसमध्ये समुद्रकिनारा सगळ्यांचा. हॉटेल कितीही पंचतारांकित असो, समोरच्या वाळूत कोळ्याचं पोर येऊन बसू शकतं. जमैकात तसं नाही. तिथे इंग्रजांच्या काळातला 1956 चा कायदा आहे, त्यात सामान्य माणसाला किनाऱ्यावर जायचा सर्वसाधारण हक्कच नाही. हॉटेलांनी कुंपणं घातली, आणि ज्या गावांचे बाप-आजे तिथून होड्या ढकलायचे त्यांना आज आपल्याच समुद्रासाठी कोर्टात जावं लागतंय. तिसरं अँटिग्वा. तिथली लेखिका जमैका किंकेड हिनं 1988 साली 'अ स्मॉल प्लेस' नावाचं एक बारकं पुस्तक लिहिलं, पर्यटकाला समोर उभं करून झाडलेलं. त्यात ती पाहुण्याला सांगते की तू ज्या निळ्या पाण्यात डुंबतोयस त्यातच तुझ्या हॉटेलचं सांडपाणी जात असेल, कारण बेटावर सांडपाण्याची धड व्यवस्थाच नाही.

हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. कारण ही तर नाग नदी!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाग नदी नागपूर शहरातून वाहते, शहराचं सांडपाणी पोटात घेते, आणि कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. आणि वैनगंगा पवनी तालुक्यात गोसीखुर्दच्या भिंतीला अडते. पूर्वी नदी वाहती होती, घाण पुढे जायची (पुढच्यांच्या नशिबी, ते सोडा). आता ती साचते. धरणाचं पाणी मागे पार भंडारा शहरापर्यंत येतं. नागपूरकर संडासात साखळी ओढतो आणि भंडाऱ्याच्या पाण्यावर जलपर्णीची हिरवी सतरंजी पसरते. ह्या पाण्यावर तुम्ही जेट स्की चालवणार, आणि आम्हाला सांगणार की वेस्ट इंडिजले जाऊ नको! च्यायला, आधी पाणी तर दाखवा.

आणि ह्या पाण्याखाली काय आहे तेही सांगा की. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. तेव्हाचा अंदाज 372 कोटी. 2025 मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केलेला सुधारित आकडा पंचवीस हजार कोटींच्या वर आहे. (आमच्या प्रोजेक्टचं एस्टिमेट दुपटीवर गेलं तर क्लायंट आम्हाला उभं करतो.) अडीच लाख हेक्टर भिजणार होतं. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या गावांनी त्यासाठी जमिनी दिल्या, घरं दिली. पुनर्वसनाच्या गावठाणांत पाणी नाही, रस्ता नाही, वाढीव कुटुंबाला प्लॉट नाही ह्यासाठी लोक वर्षानुवर्षं भंडाऱ्याच्या कलेक्टर ऑफिससमोर बसलेत. माझ्या वर्गात अशा गावचा एक मुलगा होता. दहावीच्या वर्षी त्याचं गाव हललं. त्याच्या भाषेत सांगायचं तर, 'गाव बुडला तवा कोनी पाह्याले आला नाही, आता बुडलेला पाह्याले तिकीट लावून रायले.'

ढिवरांचं काय? जलाशयात जाळं टाकून पोट भरणारा समाज. भंडाऱ्यात तलाव काही काल आले नाहीत. कोहळ्यांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले, पुढे मालगुजारांच्या नावावर गेलेले आणि आता सरकारी भाषेत 'मामा तलाव' झालेले तलाव गावोगाव आहेत. त्या प्रत्येकावर कोण पाणी घेणार, कोण मासे धरणार हे ठरलेलं असतं. आता गोसीखुर्दच्या जेट्टीसमोर बोटींचा 'झोन' आखाल, तेव्हा ढिवराचा डोंगा कुठे जाईल? झोनच्या बाहेर? दुपारी चारनंतर? पास काढून? हा प्रश्न आज विचारला नाही तर तीस वर्षांनी पवनीचा माणूस जमैकावाल्यासारखा कोर्टात उभा असेल, आणि तेव्हा आपण दुसरीकडे कुठेतरी सेल्फी काढत असू.

'तू निगेटिव्ह आहेस, पर्यटनानं रोजगार येतो,' असं मला सांगण्यात आलं. येतो ना. पण कसा येतो तेही आपण घराशेजारीच पाहिलंय. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 31 डिसेंबर 2024 रोजी सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसकट दोन्ही बाजूंनी कोंडलं. व्हिडिओ देशभर फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. जंगलात रस्ता अडवण्याइतकी घाई ज्यांना असते ते पाण्यावर शहाण्यासारखे वागतील ह्याची खात्री कोणाच्या भरवशावर द्यायची?

पर्यटन नको असं मी म्हणतच नाहीये. मी स्वतः पर्यटक होऊन दुसऱ्याच्या गावी चाललोय, मला ते शोभणारही नाही. आधी नाग नदीचं पाणी शुद्ध होऊन कन्हानमध्ये पडू द्या आणि त्याचे आकडे दर महिन्याला आंभोऱ्याच्या पुलावर फलक लावून लिहा. मग जेट्टी. बोटीचे परवाने पहिल्यांदा प्रकल्पग्रस्त गावांना आणि ढिवरांच्या सोसायट्यांना. काठ सगळ्यांना फुकट, कुंपण नाही, हे कागदावर, बार्बाडोससारखं. आणि राहण्याची सोय काचेच्या हॉटेलात नव्हे तर गावठाणातल्या घरात, म्हणजे ऑइस्टिन्सच्या त्या बाईंना आम्ही जे पैसे देतोय तसे पवनीतल्या एखाद्या बाईंना कोणी बार्बाडोसकर देईल. पवनीत बघायला काय आहे म्हणाल, तर जगन्नाथ टेकडीचा स्तूप आहे, 1969-70 साली उत्खनन झालेला, दोन हजार वर्षांहून जुना. त्या स्तुपाचं नाव माझ्या ऑफिसात एकालाही माहीत नाही. भंडाऱ्याच्याही किती जणांना माहीत आहे, मोजायला हरकत नाही. :-)

स्वदेशीवाले आणि प्लॉटवाले वरवर वेगळे दिसतात, पण दोघांची सवय एक. दोघांनाही बाहेर जाऊन बघितलेला माणूस अडचणीचा वाटतो. ज्यानं बार्बाडोसचा किनारा फुकट पाहिलाय तो उद्या आंभोऱ्याला गेटवर तिकीट मागितलं तर विचारेल ना, कशाचं? ज्यानं काहीच पाहिलं नाही त्याला कुठलंही डबकं कॅरिबियन म्हणून विकता येतं. बारा लाखांच्या जिल्ह्यातून दरवर्षी हजार पोरं कुठेतरी लांब, विनाकारण, आपल्या पैशानं जाऊन आली पाहिजेत. व्हिएतनामला जा, लडाखला जा, निदान कोकणात जा. पण देवाला नको, परीक्षेला नको, पोरगी पाहायला नको. आणि जाताना शेजाऱ्याला सांगून जा.

लंडनच्या ट्रान्झिट व्हिसाचे कागद सोमवारी भरायचे आहेत. बाबांचा पासपोर्टही करायला टाकलाय, ते नाही म्हणतायत. त्यांची फक्त एक अट आहे, केन्सिंग्टन ओव्हलचा फोटो पॅव्हेलियनच्या बाजूनं काढायचा.